ताळा जुळला का? तरुण संशोधकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी खानदेशातून आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. शाळेचं प्रदर्शन, विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा, पहिला शोधनिबंध, पेटंट यांतलं काय हाती लागलं म्हणजे संशोधनाला सुरुवात झाली म्हणायची? आमच्या मते खूण एकच आहे. तुम्ही लिहून ठेवलेल्या कृतीवरून दुसऱ्या कुणी तोच प्रयोग केला आणि त्याचा आकडा तुमच्या आकड्याच्या आसपास आला, की ते तुमचं पहिलं यश. प्रमाणपत्र त्याच्या मागून येतं, कधी येतही नाही. पुढची उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

प्रश्न : आमचा केळीचा मळा आहे. घड काढल्यावर खोडं बांधावर पडून सडतात. त्यांचा रस पिकाला दिला तर पीक चांगलं येतं असं ऐकलं. मी नववीत आहे. ‘इन्स्पायर मानक’ला हा विषय चालेल का? (एक विद्यार्थिनी, यावल तालुका)

चालेल. ‘इन्स्पायर मानक’ ही शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना आहे. पण ‘खोडाच्या रसाचं खत’ एवढंच लिहून पाठवू नकोस. नवसारी कृषी विद्यापीठाने या रसापासून द्रवरूप अन्नद्रव्य आधीच तयार केलं आहे. शाळेतून पाचच कल्पना पाठवता येतात आणि निवड झाली तर नमुना तयार करायला विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये येतात. त्या पाचांत यायचं तर तुझा प्रश्न नेमका हवा. उदाहरणार्थ : रस किती पातळ केला म्हणजे बियाण्याला अपाय होत नाही? याचं उत्तर घरच्या घरी आठवड्यात मिळतं.

मूग घे, तीन दिवसांत उत्तर देणारं बी आहे. दुकानातलं रंग लावलेलं बियाणं नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. घरच्या डब्यातले मूग चालतील, फक्त भुंग्याने पोखरलेले दाणे निवडून टाक. आधी ५० दाणे नुसत्या पाण्यावर रुजत घाल. ४३ पेक्षा कमी रुजले तर ते मूग प्रयोगाला घेऊ नकोस.

ताज्या खोडाचे तुकडे करून रस पिळ आणि मलमलीच्या फडक्यातून गाळ. जुने कपडे घाल, या रसाचे डाग निघत नाहीत. मग चार द्रावणं कर : नुसतं पाणी, ५ टक्के रस, १० टक्के रस आणि न पातळ केलेला रस. १० टक्के म्हणजे १० मिली रस आणि ९० मिली पाणी. इथे पुष्कळ जण १०० मिली पाण्यात १० मिली रस ओततात आणि पुढचं सगळं गणित थोडं थोडं चुकत जातं. प्रत्येक द्रावणाच्या चार ताटल्या, प्रत्येक ताटलीत टिपकागदावर २५ दाणे, म्हणजे एकूण १६ ताटल्या आणि ४०० दाणे. प्रत्येकीत मोजून १० मिली द्रावण घालायचं आणि वरून दुसरी ताटली उपडी ठेवायची. चारही प्रकारच्या ताटल्या एकमेकींत मिसळून मांड. एका प्रकारच्या सगळ्या खिडकीशी आणि दुसऱ्याच्या सगळ्या आत, असं झालं तर फरक रसाने पडला की उन्हाने, हे कळायला मार्ग उरत नाही.

७२ तासांनी किती दाणे रुजले ते मोज आणि प्रत्येक ताटलीतल्या दहा मोडांच्या मुळांची लांबी घे. मग हे गणित : रसातले रुजलेले दाणे गुणिले त्यांच्या मुळाची सरासरी लांबी, भागिले पाण्यातले रुजलेले दाणे गुणिले त्यांची सरासरी लांबी, आणि आलेल्या उत्तराला १०० ने गुणायचं. समजा, पाण्यात २४ दाणे आणि ४.८ सेंमी, रसात २२ दाणे आणि ३.९ सेंमी. ८५.८ भागिले ११५.२, म्हणजे सुमारे ७४. याला अंकुरण निर्देशांक म्हणतात. तो ८० च्या वर असेल तर द्रावण निर्धोक धरतात, ५० च्या खाली असेल तर बियाण्याला घातक.

बिघडतं कुठे ते सांगतो. पहिली गोष्ट उष्णता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घरातसुद्धा पारा इतका चढतो की टिपकागद अर्ध्या दिवसात वाळतो. हा प्रयोग जुलै ते नोव्हेंबरमध्ये कर, किंवा घरातल्या सगळ्यांत थंड, जाड भिंतीच्या खोलीत. दुसरी गोष्ट, रस ठेवला की आंबतो. सकाळी काढलेला रस सकाळीच वापर. कालचा आंबलेला रस वापरलास तर तू खोडाचा नव्हे, आंबवणाचा परिणाम मोजशील. तिसरी गोष्ट बुरशी. ती बहुधा जास्त पाण्याने येते, म्हणून दाणे बुडवायचे नाहीत, कागद ओला राहिला की पुरे.

आणि ज्याच्यामुळे परीक्षक तुझ्याकडे वळून बघतील, ती पाचवी तुकडी. खोडाच्या रसात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. बी कमी रुजलं तर ते क्षारांमुळे की रसातल्या आणखी कशामुळे? शाळेत किंवा जवळच्या महाविद्यालयात विद्युतवाहकतेचा मीटर असेल. १० टक्के रसाची वाहकता मोज आणि पाण्यात खायचं मीठ घालत घालत तेवढ्याच वाहकतेचं पाणी तयार कर. त्याच्याही चार ताटल्या लाव. मिठाच्या पाण्यातही तेवढीच घट दिसली, तर मोठा वाटा क्षारांचा असण्याचा संभव वाढतो. मीठ म्हणजे सोडियम आणि रसात पोटॅशियम, तेव्हा तुलना तंतोतंत नाही. हे वहीत स्वतःहून लिही. ‘रसाने नुकसान झालं’ हेही उत्तरच आहे, ते लपवू नकोस.

प्रश्न : आम्ही बीएस्सीचे तिघे मित्र गावातल्या वीस विहिरी आणि बोअरचं पाणी टीडीएस मीटरने तपासतो आहोत. जुनी माणसं अमुक मळ्याचं ‘पानी खारं शे’ म्हणतात, ते आकड्यात दाखवायचं आहे. एवढ्यावर शोधनिबंध होईल का? (शिरपूर)

नुसत्या टीडीएसवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या आकड्यावर, नाही. मात्र त्यात तीन गोष्टी घातल्या तर पहिला निबंध होण्याजोगं काम आहे.

आधी मीटर. टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो वाहकता मोजतो आणि तिला आतल्या आत ०.५ ते ०.७ अशा एखाद्या गुणकाने गुणून आकडा दाखवतो. दोन कंपन्यांचे मीटर एकाच पाण्याला वेगळे आकडे देतात ते यामुळे. म्हणून शक्य असेल तर वाहकताच नोंदवा. मीटरची चाचणी अशी : कोरडं, शुद्ध पोटॅशियम क्लोराइड ०.७४५५ ग्रॅम तोलून ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा आणि द्रावण बरोबर १ लिटर करा. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असते. फिरतीच्या प्रत्येक दिवशी सुरुवातीला आणि शेवटी हे वाचन घ्या. वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्के वाढते. उन्हात तापलेल्या बाटलीतलं ३५ अंशांचं पाणी आणि सावलीतलं २५ अंशांचं पाणी यांत क्षार तितकेच असले तरी तापमानाची भरपाई न करणारा मीटर साधारण २० टक्के फरक दाखवेल. तुमच्या ‘खाऱ्या’ मळ्याचं निम्मं गुपित दुपारच्या उन्हात निघू शकतं, म्हणून पाण्याचं तापमान प्रत्येक नोंदीशेजारी हवंच.

नमुना घ्यायचा तर बोअर पाच-दहा मिनिटं चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या. शेतीची लाईट पाळीने येते, तेव्हा फिरतीचं वेळापत्रक लाईटच्या पाळीवर बेता. नाही तर अर्ध्या ठिकाणी बंद मोटारीसमोर उभं राहावं लागेल आणि मग हौदातलं पाणी भरून आणण्याचा मोह होईल. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. बाटलीवर क्रमांक, तारीख, वेळ, तर वहीत अक्षांश-रेखांश, विहिरीची खोली, जवळचं पीक आणि शेवटचं खत कधी घातलं, हे लिहा. दर दहा नमुन्यांमागे एकाच विहिरीच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या क्रमांकांनी भरा. प्रयोगशाळेत बसणाऱ्या मित्राला त्या जुळ्या आहेत हे सांगू नका. दोघींचे आकडे जुळले की तुमच्या हाताचा ताळा जुळला.

दुसरी मोजणी कठीणपणाची, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची. ईडीटीएचं डायसोडियम डायहायड्रेट लवण ३.७२ ग्रॅम प्रति लिटर घेतलं की ०.०१ मोलर द्रावण होतं आणि त्याचा १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. आपल्याकडचं पाणी बहुधा कठीण, म्हणून २५ मिली नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने ५० मिली करा. अमोनिया बफर घालून पीएच १० वर आणा, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक टाका आणि ब्युरेटमधून ईडीटीए सोडत जा. द्राक्षारसासारखा तांबडा रंग जाऊन निळा आला की थांबा. ९.२ मिली लागले तर गुणिले ४०, म्हणजे ३६८ मिग्रॅ प्रति लिटर. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत अनुमापन उरका. या पीएचला कार्बोनेट खाली बसू लागतं आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. शेवटचे थेंब सावकाश सोडा, निळा रंग किंचित उशिरा उमटतो.

तिसरी मोजणी नायट्रेटची. बागायती भागात तीच सगळ्यांत बोलकी ठरेल. नमुना बर्फाच्या पेटीतून न्या आणि दोन दिवसांच्या आत तपासून घ्या. अहवाल आला की पहिल्यांदा एकक बघा. काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून. दुसऱ्याला ४.४३ ने गुणलं की पहिला मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची ४५ मिग्रॅची मर्यादा नायट्रेटची आहे. नायट्रोजनचा १२ हा आकडा ४५ शी ताडून ‘पाणी सुरक्षित’ लिहिलं, की प्रत्यक्षात ५३ च्या पाण्याला तुम्ही प्रमाणपत्र देऊन बसता. त्याच मानकात एकूण कठीणपणाला स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००, तर टीडीएसला ५०० आणि २००० आहे. दोन्ही आकडे लिहा, आपल्या निष्कर्षाला सोयीचा तेवढाच नको.

हीच फेरी मेमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये करा. एका फेरीत गावाचं चित्र मिळतं, दोन फेऱ्यांत पावसाने काय बदललं ते कळतं. आणि आकडे छापण्याआधी विहिरीच्या मालकांना त्यांचा त्यांचा आकडा सांगा. पाणी त्यांच्या घरात प्यायलं जातं.

प्रश्न : काठीच्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढण्याचा प्रयोग आमच्या मुलांनी जळगाव आणि भुसावळ इथे एकाच दिवशी केला. उत्तर ११ हजार किलोमीटर आलं. मुलं हिरमुसली. चूक कुठे झाली? (एक शिक्षिका, जळगाव)

मुलांची चूक नाही, गावांची निवड चुकली. या प्रयोगात दोन ठिकाणांमधलं उत्तर-दक्षिण अंतर लागतं. भुसावळ जळगावच्या पूर्वेला आहे. दोन्हींच्या अक्षांशांत ०.०४ अंशाच्या आसपासच फरक आहे, म्हणजे एक मीटरच्या काठीच्या सावलीत एक मिलिमीटरसुद्धा फरक नाही. मुलांना जो फरक दिसला तो काठीच्या कलण्याचा किंवा सावलीची कड वाचण्याचा. सव्वा-दीड सेंटीमीटरची चूक झाली की २५ किलोमीटर अंतरावर बरोबर असंच ११ हजारांच्या घरातलं उत्तर येतं.

जोडीदार शाळा सोलापुरात शोधा. जळगाव साधारण २१.०१ उत्तर अक्षांशावर, सोलापूर १७.६६ वर, आणि रेखांशात जेमतेम एक तृतीयांश अंशाचा फरक, म्हणजे सूर्य दोन्हीकडे एक-दीड मिनिटाच्या फरकाने माथ्यावरची रेषा ओलांडतो. अक्षांशांतला फरक ३.३५ अंश आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३७२ किलोमीटर. हे अंतर नकाशावर मोजायचं, एसटीच्या तिकिटावरून घ्यायचं नाही. ३६० भागिले ३.३५ गुणिले ३७२ केलं की ४०,००० च्या जवळ येतं. पण हा अंशांचा फरक पुस्तकातून न घेता मुलांनी सावलीतून काढायचा आहे, खरं काम ते.

सगळ्यांत सोपा दिवस शून्य सावलीचा, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो. जळगावात तो २५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर येतो, पण जुलैत आभाळ भरलेलं असतं. मेमधल्या त्या दिवशी जळगावात साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी सावली नाहीशी होईल आणि त्याच सुमारास सोलापुरात एक मीटरच्या काठीची सावली दक्षिणेकडे पावणेसहा सेंटीमीटरच्या जवळपास पडेल. घड्याळात बारा वाजले की मोजून मोकळं व्हायचं नाही. १२ ते १२.५० दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा आणि सगळ्यांत आखूड सावली घ्या.

काठी गवंड्याच्या ओळंब्याने चारही बाजूंनी सरळ करा, खालची फळी पाणसळीने सपाट करा. काठी एक अंश कलली तर सावली पावणेदोन सेंटीमीटर सरकते, म्हणजे सोलापूरच्या सावलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. सूर्य ठिपका नाही, त्याची तबकडी अर्ध्या अंशाची आहे, म्हणून सावलीची कड जवळपास एक सेंटीमीटर रुंद, पुसट दिसते. पुसट पट्ट्याच्या मध्यावर खूण करायची, असं दोन्ही शाळांनी आधीच ठरवून घ्या. तरी अर्ध्या सेंटीमीटरची चूक राहिलीच तर परिघात साधारण नऊ टक्के फरक पडेल. उत्तर ‘४०,००० किमी’ असं न लिहिता ‘३६,००० ते ४४,०००’ असं लिहिलं, आणि ती रुंदी कुठून आली ते मुलांनी समजावून सांगितलं, तर ते बरोब्बर ४०,०७५ लिहिणाऱ्यांपेक्षा पुढे आहेत. तो आकडा पाठ्यपुस्तकातून उतरवता येतो.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेतल्या पावरा आणि भिल्ल मुलांना पावसाळ्यातल्या कितीतरी रानभाज्या ओळखता येतात. याचं संशोधनात रूपांतर कसं करावं? (एक शिक्षक, अक्राणी तालुका)

नाव मुलाच्या बोलीत, मुलाच्या उच्चारात, देवनागरीत लिहून घ्या. शेजारी गाव, पाडा, तारीख, कुठला भाग खातात, कधी खातात, आणि शिजवण्याआधी काय करतात हेही लिहा. शेवटची नोंद फार महत्त्वाची असते. काही भाज्या कच्च्या खाल्ल्या तर घशाला खाजवतात, म्हणून चिंचेसारखं आंबट घालून नीट शिजवतात. ती कृती गाळून नुसती यादी छापली तर कुणाला अपाय होईल.

प्रत्येक वनस्पतीचा वाळवलेला नमुना ठेवा. फूल किंवा फळ असलेली फांदी घ्या, नुसत्या पानांवरून नाव पक्कं होत नाही. भाजीच्या दिवसांत फूल नसतं, म्हणून तेच रोप खूण करून ठेवा आणि भाद्रपद-आश्विनात पुन्हा जा. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर वजन द्या आणि पहिला आठवडाभर कागद रोज बदला. पावसात दुसऱ्याच दिवशी बुरशी धरते, तेव्हा ओले कागद चुलीच्या उबेला वाळवून पुन्हा वापरा. वाळलेला नमुना साधारण ४२ बाय २८ सेंमीच्या जाड कागदावर चिकटवा. किडीपासून वाचवायला पूर्वी पारदक्लोराइड वापरत. ते जालीम विष आहे, शाळेत आणू नका. शास्त्रीय नावासाठी जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग किंवा पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र गाठा.

कामाला हात घालण्याआधी ग्रामसभेत बोला. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. मुलांची नोंद त्या वहीत गेली तर गावाचं ज्ञान गावाच्या नावावर राहतं. निबंध लिहिलात तर सांगणाऱ्या आजी-आजोबांची नावं त्यांची परवानगी घेऊन द्या.

प्रश्न : ‘आविष्कार’साठी प्रकल्प केला आहे. दोन खतांची तुलना आहे. अहवाल किती पानांचा असावा, आणि परीक्षक काय विचारतात? (धुळे)

पानांची काळजी सोडा. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, तो प्रबंध अवघ्या ४० पानांच्या आसपासचा होता. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असतं, हे त्यात दाखवलेलं होतं. सांगण्यासारखं असलं की पानं पुरतात.

परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : ‘झाडं किती होती?’ इथे फसगत होते. एका झाडाची दहा पानं मोजली तर ती दहा झाडं होत नाहीत. एका वाफ्याला एक खत आणि दुसऱ्याला दुसरं दिलं, तर वाफ्यात पन्नास रोपं असली तरी तुमच्याकडे प्रत्येकी एकच वाफा आहे. त्या वाफ्याला ओल जास्त मिळाली असेल, तर श्रेय खताला जाईल. निदान चार-चार वाफे हवेत आणि कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं. तुमचं काम एकेकाच वाफ्यावर झालं असेल, तर या वर्षी तसं स्पष्ट लिहून सादर करा आणि खरीपात पुन्हा मांडणी करा.

दुसरा प्रश्न सरासरीच्या शेजारच्या आकड्याचा, म्हणजे प्रमाण विचलनाचा. मोजमापं सरासरीच्या आजूबाजूला किती पसरली आहेत ते तो सांगतो. पाच रोपांची उंची ३१, ३४, २९, ३६, ३० सेंमी असेल तर सरासरी ३२. फरक –१, २, –३, ४, –२, त्यांच्या वर्गांची बेरीज ३४, भागिले ४ (पाच नव्हे) म्हणजे ८.५, त्याचं वर्गमूळ २.९. लिहायचं : ३२.० ± २.९ सेंमी, रोपं ५. संगणक ३२.०००० दाखवतो म्हणून तसं छापू नका. फूटपट्टीने मोजलेल्या रोपाला दहा-हजारांशाचा नेमकेपणा नसतो. दुसऱ्या खताची सरासरी ३४ आली आणि तिलाही ±३ लागलं, तर ‘दुसरं खत सरस’ हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. ते खोडून टाकताना जीवावर येतं, पण खोडा.

पोस्टरचं मथळ्याचं अक्षर चार-पाच मीटरवरून वाचता यावं. एक प्रश्न, एक आलेख, एक निष्कर्ष एवढं मध्यभागी. प्रस्तावनेचे परिच्छेद कुणी उभ्याने वाचत नाही. मूळ नोंदवही मात्र जवळ ठेवा, खाडाखोडीसकट. खाडाखोड असलेली वही दाखवणाऱ्या विद्यार्थ्यावर परीक्षकांचा विश्वास बसतो.

प्रश्न : मुलीला एका नियतकालिकाची ईमेल आली आहे. तीन हजार रुपये भरा, तीन दिवसांत शोधनिबंध छापू. दुसरीकडून ‘यूके डिझाइन पेटंट’ची ऑफर आहे. पुढे प्रवेशाला उपयोग होईल का? (पालक, भुसावळ)

दोन्हींवर पैसे घालवू नका. तीन दिवसांत कोणताही जाणकार निबंध तपासत नाही, म्हणजे तपासणी होणारच नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. ‘यूजीसी केअर यादीत आहे’ असंही सांगतील. ती विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी होती, आयोगाने ती २०२५ मध्ये बंद केली. संपादक मंडळातल्या दोन-तीन नावांवरून त्यांच्या संस्थेची संकेतस्थळं उघडून बघा, त्यांनी तिथे या नियतकालिकाचा उल्लेख केला आहे का ते पाहा. गेल्या अंकातला मुलीच्या विषयातला एक निबंध तिच्या प्राध्यापकांकडून वाचून घ्या. दहा मिनिटांत उलगडा होतो.

ब्रिटनमध्ये डिझाइनची नोंदणी होते तेव्हा ते नवं आहे की नाही हे तपासलं जात नाही. वस्तूच्या बाह्य रूपाची ती नोंद असते. तिला ‘पेटंट’ म्हणून विकलं जातं. मुलीकडे खरोखर नवं उपकरण असेल, तर भारतीय पेटंट कार्यालयात तात्पुरता अर्ज व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपयांत करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. अर्ज प्रदर्शनाच्या आधी करा. आधी सगळ्यांना दाखवलं की नवेपणावर हरकत येऊ शकते. आणि अर्ज ‘प्रसिद्ध’ झाला म्हणजे पेटंट ‘मिळालं’ असं बायोडेटात लिहू देऊ नका.

तेच तीन हजार तिच्या प्रयोगाला द्या. लिहायची उमेद असेल तर मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेसाठी लेख लिहू दे. बीएस्सीला गेली की देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात दोन महिने नामांकित प्रयोगशाळेत काम करायला मिळतं.

प्रश्न : वय २४. बीएस्सी झालो, आता औद्योगिक वसाहतीत पाळीवर नोकरी करतो. संशोधनाची सुरुवात करायला उशीर झाला का? (जळगाव)

खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर विसाव्या वर्षाच्या आत ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेपर्यंत पोहोचले, हे खरं. पण पाटणादेवीजवळच्या पाटण गावी ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने मठ काढला, तशी नोंद १२०७ च्या शिलालेखात आहे, त्या गणिती भास्कराचार्यांनी आपला मुख्य ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. आणि तुमच्यासाठी जवळचं उदाहरण भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांचं. १९०६ मध्ये अठराव्या वर्षी छापलेला त्यांचा पहिला निबंध महाविद्यालयातल्या साध्या वर्णपटमापीवर झाला. लोलकाच्या (प्रिझमच्या) बाजूवरून तिरपा प्रकाश आला की विवर्तनाचे, म्हणजे कडेशी प्रकाश पसरून पडणारे, पट्टे दोन्हीकडे सारखे पडत नाहीत, एवढं त्यांनी पाहिलं आणि मोजलं. पुढच्याच वर्षी ते अर्थखात्यात नोकरीला लागले आणि कलकत्त्यात असताना वर्षानुवर्षं कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत जात राहिले.

पाळीची नोकरी असलेल्याने रोज एकाच वेळी हजर राहावं लागेल असा प्रयोग घेऊ नये. नोंदी आपोआप साठवणारा तापमापक घ्या. केळीच्या हवामानावर आधारित पीकविम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा धरतात. तुमच्या शिवारातलं तापमान त्या केंद्रापेक्षा किती वेगळं असतं, आणि कोणत्या महिन्यांत, हा चांगला प्रश्न आहे आणि वर्षभराच्या नोंदींनी त्याला उत्तर मिळतं. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर बसवा. घराच्या गच्चीवर किंवा पत्र्याजवळ नको, तिथे तो हवेचं नव्हे, पत्र्याचं तापमान सांगेल. बसवण्याआधी संवेदक पाण्यातल्या बर्फाच्या चुऱ्यात पंधरा मिनिटं बुडवा, शून्य यायला हवं. ०.६ आलं तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि तीन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. भर उन्हाळ्यात संवेदकांचा आकडा सरकतो, आणि मेमधली नोंद तर तुम्हाला सगळ्यांत जास्त हवी आहे.